यादी हाती आली म्हणजे काम झाले असे नाही: कृमींवरील औषधसंशोधनाला निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परजीवी कृमींवरील औषधसंशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांच्या मूल्यमापन समित्या

सन्माननीय सदस्यहो,

आमच्या प्रकल्पाचा दुसरा टप्पा नामंजूर झाल्याचे पत्र मिळाले. पहिल्या टप्प्यात आम्ही कृमी मारू शकतील असे काही रेणू घेतले होते आणि रासायनिक साधर्म्याच्या आधारे संगणकावर त्यांची संभाव्य लक्ष्ये शोधली होती. म्हणजे, हा रेणू कृमीच्या शरीरातल्या नेमक्या कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटत असेल, याचा अंदाज बांधला होता. दुसऱ्या टप्प्यात तेच अंदाज जिवंत कृमींवर तपासायचे होते. लक्ष्यांची यादी हाती आली तेव्हाच प्रकल्पाचा हेतू साध्य झाला, पडताळणी सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, असा पत्राचा आशय आहे.

संस्थेचे नाव मी लिहीत नाही. हा निर्णय एकाच समितीचा असता तर मी त्यांनाच अर्ज केला असता. पण याच कामातल्या ज्या ज्या सहकाऱ्यांशी बोलले, त्यांच्याकडे शब्द थोडेफार वेगळे असलेले असेच पत्र आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. शेवटी ज्या पैशातून संशोधन चालते तो लोकांचाच असतो, आणि हा निर्णय कशाबद्दल आहे हे त्यांनाही कळायला हवे.

मी गेली अकरा वर्षे शिस्टोसोमा सांभाळते. ‘सांभाळते’ हाच शब्द बरोबर आहे, कारण हा कृमी नुसता बाटलीत वाढवता येत नाही. त्याला आधी गोड्या पाण्यातली गोगलगाय लागते, मग सस्तन प्राणी लागतो. गोगलगायीत चार-पाच आठवडे, उंदरात सहा-सात आठवडे, असा एक फेरा पुरा व्हायला तीन महिने जातात. ठरलेल्या दिवशी गोगलगायी दिव्याखाली ठेवल्या की तासा-दोन तासांत पाण्यात सर्केरिया, म्हणजे या कृमीच्या पोहणाऱ्या अळ्या, सुटू लागतात. नुसत्या डोळ्यांना ते पाण्यात धूळ तरंगावी तसे दिसतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची दुभंगलेली शेपटी वळवळताना दिसते. ते पाणी कातडीला लागता कामा नये. काही मिनिटांत ते आत शिरतात, म्हणून हातमोजे दुहेरी. जगात कित्येक कोटी लोक मात्र त्याच पाण्यात उभे राहून कपडे धुतात, मासे धरतात, मुले त्यात पोहतात.

२०२१ साली २५ कोटींहून अधिक लोकांना या कृमीमुळे होणाऱ्या शिस्टोसोमायसिस या रोगावरच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्या सगळ्यांसाठी औषध एकच: प्राझिक्वांटेल. ते १९७०च्या दशकातले आहे, आणि प्रौढ कृमी मारत असले तरी शरीरात नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या कृमींवर फारसे चालत नाही. मातीतून पसरणाऱ्या जंतांची, म्हणजे गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांची, बाधा सुमारे १५० कोटी लोकांना आहे. त्यांच्यासाठीही मोजकीच औषधे आहेत. त्यांतल्या अल्बेंडाझोलची एक मात्रा चाबूककृमीवर फार कमी पडते. नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगात आयव्हरमेक्टिन पिल्ले मारते, पण प्रौढ कृमी दहा-पंधरा वर्षे आत जिवंत राहतो आणि उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. मेंढ्यांच्या पोटातल्या हिमॉन्कस या कृमीने तर एकामागून एक औषधांना दाद देणे सोडले आहे. मोनेपँटेल हे अगदी नव्या वर्गाचे औषध २००९ साली मेंढ्यांसाठी आले, आणि २०१३पर्यंत त्याला न जुमानणाऱ्या कृमींची नोंदही झाली. नवे औषध का हवे, ते यावरून दिसते.

आता मुद्द्यावर येते.

पहिली तक्रार: आपण गुणांक म्हणजे पुरावा असे धरता.

रासायनिक साधर्म्य कसे मोजतात ते थोडक्यात सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी काहींनी हा हिशेब स्वतः केलेला नसावा. रेणूचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि कोणते तुकडे त्यात आहेत याची खूण करत जायचे. हा त्या रेणूचा ठसा. समजा एका रेणूच्या ठशात ५० खुणा आहेत, दुसऱ्याच्या ठशात ६०, आणि दोघांत सारख्या ४०. एकूण वेगवेगळ्या खुणा झाल्या ७०. चाळीस भागिले सत्तर, म्हणजे साधारण ०.५७. हा टॅनिमोटो गुणांक. शून्य म्हणजे काहीच सारखे नाही, एक म्हणजे ठसा तंतोतंत जुळला. कृमी मारू शकेल असा एखादा रेणू घ्यायचा, ज्यांची लक्ष्ये आधीच माहीत आहेत अशा लाखो रेणूंशी त्याचा ठसा ताडून पाहायचा, जवळचे नातेवाईक शोधायचे, आणि त्या नातेवाइकांच्या लक्ष्यासारखे प्रथिन कृमीच्या जनुकसंचात आहे का ते बघायचे. सारखे रेणू सारख्या जागी बसतात, एवढ्या एका गृहीतकावर हे सगळे उभे आहे.

गृहीतक चांगले आहे, मी रोज त्याच्या आधाराने काम करते. पण ते किती वेळा खरे ठरते याचाही अभ्यास झालेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित विश्लेषणात असे दिसले की ज्ञात परिणामकारक रेणूशी ०.८५ किंवा त्याहून अधिक साधर्म्य असलेला रेणू स्वतः परिणामकारक निघण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के होती. ०.८५ हा आमच्या क्षेत्रात भरवशाचा आकडा मानला जातो. त्या भरवशावरही दहातले सात अंदाज हुकू शकतात.

याहून साधे उदाहरण हवे असेल तर प्राझिक्वांटेलचेच घ्या. या रेणूची दोन रूपे आहेत, डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात तशी. गोळीत दोन्ही समप्रमाणात असतात. कृमी मारण्याचे काम एकच रूप करते. दुसरे जवळजवळ निष्क्रिय आहे, आणि लहान मुले ती गोळी थुंकतात त्या कडवटपणात त्याचाच मोठा वाटा आहे. नेहमीच्या वापरातले कित्येक ठसे रेणूची ही दिशा धरतच नाहीत. त्यांच्या लेखी दोन्ही रूपांचे साधर्म्य पूर्ण १.००. एक औषध आणि एक नुसता कडवटपणा, आणि संगणकाला दोघांत फरक दिसत नाही. काचेच्या बशीतल्या कृमीला तो मिनिटभरात कळतो.

दुसरी तक्रार: आपण अर्ध्याच पद्धतीला पैसे देता.

ज्या कामामुळे या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला, ते २००९ सालचे संशोधन आठवा. ३,६६५ औषधे आणि प्रायोगिक संयुगे घेऊन, त्यांच्या रासायनिक साधर्म्यावरून हजारो नवी लक्ष्ये सुचवली गेली होती. ते संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी ३० अंदाज निवडून प्रयोगशाळेत तपासले आणि २३ खरे निघाले. लोकांचा विश्वास बसला तो त्या २३मुळे, आणि खोटे ठरलेले सात त्यांनी मांडले त्यामुळेही. पडताळणी हा त्या पद्धतीचाच भाग होता. तो वगळून उरलेल्या भागाला ‘तीच पद्धत’ म्हणून निधी देणे बरोबर नाही.

आणि तिथे मानवी प्रथिनांचे काम होते, ज्यांच्याबद्दल माहितीचे डोंगर आहेत. माझी तिसरी तक्रार तीच आहे, आणि मला सगळ्यात जास्त ती छळते.

आम्ही रेणूंच्या ज्या माहितीकोशांत रेणू ताडून पाहतो, त्यांतली बहुतेक नोंद माणसाच्या किंवा उंदराच्या प्रथिनांवरची आहे. कृमीच्या प्रथिनावर थेट मोजलेली माहिती त्यात नखाएवढी. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या मुक्त राहणाऱ्या सूत्रकृमीचा जनुकसंच १९९८ साली वाचून झाला, हत्तीरोगाच्या ब्रुगियाचा २००७ साली, शिस्टोसोमाचा २००९ साली. २०१९ साली तर ८१ कृमींच्या जनुकसंचांची तुलना एकत्र प्रसिद्ध झाली. जनुकांचा तोटा आता नाही. पण त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना कोणता रेणू चिकटतो, हे फारच थोड्यांच्या बाबतीत कोणी मोजले आहे.

त्यामुळे घडते असे की, साधर्म्याचा शोध आम्हाला पुन्हा पुन्हा त्याच प्रथिनांकडे नेतो जी कृमीत आहेत आणि माणसातही आहेत. कायनेज, प्रोटीएज, तीच ओळखीची घराणी. अशा लक्ष्यावर मारा केला तर कृमी मरेल, पण रोग्याच्या पेशीही सुटणार नाहीत. जी प्रथिने फक्त कृमीची आहेत, त्यांच्यासाठी कोशात नातेवाईकच नसतात, म्हणून ती यादीत वर येत नाहीत.

आजवरची चांगली औषधे कुठे लागतात ते पाहा. आयव्हरमेक्टिन ज्या क्लोराइड वाहिनीवर, म्हणजे क्लोराइडसाठी पेशीला असलेल्या दारासारख्या प्रथिनावर, काम करते, तिला ग्लुटामेट हा चेतासंदेश वाहणारा रेणू उघडतो. अशी वाहिनी सस्तन प्राण्यांत नाही, आणि औषध सुरक्षित असण्याचे ते एक मोठे कारण आहे. १९९४ साली ती सापडली ती सूत्रकृमीची जनुके बेडकाच्या अंड्यांत घालून, औषध दिल्यावर कोणत्या अंड्यात विद्युतप्रवाह वाहतो ते मोजून. ऑक्झाम्निक्विनला शिस्टोसोमाचे एक विकर स्वतःच विषारी रूप देते. २०१३ साली ते कळले ते औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या कृमींचा संकर करून, कोणत्या जनुकामुळे फरक पडतो त्याचा माग काढत. इमोडेप्साइडच्या बाबतीत आधी लॅट्रोफिलिन नावाच्या ग्राहीकडे बोट दाखवले गेले. पुढे स्लो-१ ही पोटॅशियम वाहिनी नसलेल्या सूत्रकृमींना औषध दिले, तर त्यांच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होईना, आणि मुख्य लक्ष्य कोणते ते ठरले.

प्राझिक्वांटेलने तर चार दशके थांबायला लावले. करोडो लोकांनी गोळी गिळली, आणि ती कृमीच्या कोणत्या प्रथिनावर जाऊन बसते हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. २०१९ साली टीआरपीएम गटातली एक कॅल्शियम आत सोडणारी वाहिनी पुढे आली. २०२१ साली औषधाला दाद न देणाऱ्या शिस्टोसोमांच्या जनुकांचा शोधही त्याच वाहिनीपाशी येऊन थांबला. दोन स्वतंत्र वाटा एका जागी मिळाल्या तेव्हा ते मान्य झाले. या चारही औषधांच्या गोष्टीत जिवंत कृमी, किंवा निदान त्याचे जनुक घातलेली जिवंत पेशी, आहेच आहे.

म्हणून ‘पडताळणी प्राधान्यक्रमात नाही’ हे वाक्य मला पचत नाही.

आमच्या यादीत काय झाले तेही सांगते. नकार येण्याआधी, दुसऱ्या कामातून उरलेल्या थोड्या साहित्यावर, मी यादीतला सर्वात वरचा रेणू लावून पाहिला. ९६ खळग्यांची प्लेट. एका ओळीत प्राझिक्वांटेल, एका ओळीत नुसते द्रावक, एका ओळीत आमचा रेणू. प्रत्येक खळग्यात प्रौढ कृमींच्या जोड्या, मादी नराच्या अंगावरच्या पन्हाळीत शिरलेली. प्राझिक्वांटेल पडताच नर आखडले, मिनिटभरात आकसून तोकडे झाले. आमच्या ओळीत काही हलले नाही, म्हणजे नेहमीचीच हालचाल चालू राहिली. पहिल्या दिवशी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी. बहात्तर तासांनी ते खळग्याच्या तळाला चूषकाने धरून बसले होते, सरकत होते, आणि माद्यांनी अंडीही घातली होती.

अंदाज चुकला का? मला माहीत नाही. कदाचित रेणू प्रथिनाला बरोबर चिकटत असेल, पण कृमीच्या आवरणातून आत पोचत नसेल. कदाचित कृमी तो बाहेर फेकत असेल, तशी पंपासारखी प्रथिने त्याच्याकडे आहेत. कदाचित ते प्रथिन बंद पडले तरी कृमीचे काही अडत नसेल. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्ही तपासता येतात. प्रथिन वेगळे काढून त्यावर रेणू मोजता येतो, कृमीच्या आत रेणू किती गेला ते मोजता येते, आणि आरएनए हस्तक्षेपाने ते जनुक दाबून कृमी जगतो का ते बघता येते. शिस्टोसोमात हे तंत्र चालते. दुसऱ्या टप्प्यात आम्ही हेच मागितले होते.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. वर लिहिलेला प्रयोग कुठेही छापला जाणार नाही. ‘काही झाले नाही’ याला जागा नसते, आणि आपले अहवालाचे नमुनेही फक्त यश विचारतात. त्यामुळे उद्या दुसरी एखादी प्रयोगशाळा त्याच कोशातून, त्याच गुणांकाने, तोच रेणू शोधून काढेल आणि तीन महिन्यांचा फेरा त्यावर घालवेल. शिवाय फसलेले अंदाज कोशात गेले नाहीत तर पुढचा अंदाज सुधारायचा कसा? संगणकाला आम्ही फक्त होकार शिकवतो आहोत.

पाचवी तक्रार बंद कपाटांबद्दल आहे. जनावरांची औषधे बनवणाऱ्या कंपन्यांनी अनेक दशके हजारो रेणू कृमींवर लावून पाहिले आहेत. कोणता चालला, कोणता नाही, याची ती नोंद कृमी-संशोधनातला मोठा खजिना असणार, आणि त्यातले बाहेर आलेले फार थोडे. कंपनीने स्वतःच्या पैशाने केलेले काम कंपनीचे आहे, हे मला मान्य आहे. पण आपण कंपन्यांबरोबर संयुक्त प्रकल्पांना सार्वजनिक निधी देता, तेव्हाही त्यातली माहिती खुली करण्याची अट घालत नाही. मलेरियाच्या बाबतीत हे घडलेले आहे. २०१० साली एका मोठ्या औषध कंपनीने मलेरियाच्या परजीवीवर चालणाऱ्या १३ हजारांहून अधिक रेणूंची रचना जाहीर केली. पुढे मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचरने ४०० रेणूंचा ‘पॅथोजेन बॉक्स’ जगभरच्या प्रयोगशाळांना मोफत पाठवला, आणि त्यात कृमींवरचे रेणूही होते. मलेरियात जमले ते कृमींच्या बाबतीत का जमू नये?

शेवटची तक्रार माझ्या गोगलगायींबद्दल आहे. पडताळणीचा निधी थांबला की पहिली कात्री जीवनचक्रावर लागते, कारण ते वर्षभर खाते आणि त्यातून शोधनिबंध निघत नाही. गोगलगायींच्या टाक्यांचे पाणी सुट्टीच्या दिवशीही बदलावे लागते. एक फेरा चुकला तर पुढचा सुरूच होत नाही, कारण अंडी हवीत तर प्रौढ कृमी हवेत, आणि प्रौढ कृमी हवेत तर संसर्ग झालेल्या गोगलगायी हव्यात. बंद पडलेले चक्र पुन्हा उभे करायला दुसऱ्या प्रयोगशाळेकडे हात पसरावा लागतो, आणि अशा प्रयोगशाळा कमी होत चालल्या तर मागायचे कोणाकडे? हे कौशल्य लिहून ठेवून टिकत नाही. गोगलगाय आजारी आहे हे तिच्या पायाच्या हालचालीवरून ओळखायला मला दोन वर्षे लागली, आणि ज्यांनी मला ते शिकवले त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. संगणकावरची यादी दहा वर्षांनीही पुन्हा काढता येईल. ती तपासणारे हात तोवर असतील याची मला खात्री वाटत नाही.

संगणकावर काम करणारे माझे सहकारी हे पत्र वाचतील. त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. लाखो रेणूंतून पन्नास निवडून देणे हे फार मोठे काम आहे, आणि ते नसते तर माझे आयुष्य चुकीचे खळगे भरण्यात गेले असते. पडताळणी व्हावी असे त्यांनाही तितकेच वाटते. आपला अंदाज खरा की खोटा हे न कळता पुढच्या यादीकडे वळावे लागणे त्यांनाही आवडत नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. कृमींच्या औषध-लक्ष्यांचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात पडताळणीचा वाटा सुरुवातीपासून राखून ठेवावा. निदान वरचे काही अंदाज जिवंत कृमीवर आणि वेगळ्या काढलेल्या प्रथिनावर तपासल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये.

२. फसलेल्या अंदाजांची नोंद रेणूच्या रचनेसह आणि मात्रेसह खुल्या कोशात जमा करणे बंधनकारक करावे, आणि अहवालात त्या नोंदीला यशाइतकेच वजन द्यावे.

३. कृमीच्या प्रथिनांवर थेट मोजमाप करण्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा. माणसात नसलेली प्रथिने आधी घ्यावीत.

४. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संयुक्त प्रकल्पांत कंपनीने कृमींवर लावून पाहिलेल्या रेणूंची माहिती ठराविक मुदतीत खुली करण्याची अट असावी.

५. कृमींची जीवनचक्रे सांभाळणाऱ्या प्रयोगशाळांना प्रकल्पाशी न जोडलेला, सलग आणि किमान पाच वर्षांचा निधी मिळावा.

६. मूल्यमापन समितीत कृमी हाताळलेली निदान एक व्यक्ती असावी.

७. यादीपाशी थांबवलेल्या प्रकल्पांचा, आमच्यासह, फेरविचार करावा आणि निर्णयाची कारणे लेखी द्यावीत.

आमच्या यादीतले रेणू द्रावकात विरघळवून, खुणा करून उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. आजच्या घडीला गोगलगायींची एक टाकी चालू आहे आणि तिच्यातल्या गोगलगायी संसर्गाच्या चौथ्या आठवड्यात आहेत. पुढचा फेरा सुरू करायचा की नाही हे मला त्या सर्केरिया सोडू लागण्याआधी ठरवावे लागेल. आपले उत्तर त्याआधी यावे, एवढी विनंती.

आपली,
परजीवी कृमींवर काम करणारी एक संशोधक